अकरा वळणं, दुसऱ्या गिअरमध्ये

दाजीवर मी सूड उगवला. असं काही केल्यावर माणसाला नंतर पोकळ वाटतं, हाती काहीच लागत नाही, असं लोक सांगतात. मला तसं काही झालं नाही. मला गाढ झोप लागली आणि सकाळी उठल्यावर भूकही चांगली लागली.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, मनात करत नाही. इथे मनातलंच सांगायचं आहे, म्हणून एकेरीच येईल.

आमच्या घरात तीन मुली, असं बाबा नवख्या माणसाला सांगायचे. ताई मधली, मी धाकटी आणि थोरली दारात उभी. थोरली म्हणजे बाबांची गाडी. दोन दारांची, दोनच माणसांची, लांब नाकाची आणि इतकी ठेंगणी की आत बसलं की रस्ता आपल्या मांडीवरून जातोय असं वाटायचं. शर्यतीसाठी घडवलेली गाडी होती ती, बाबांच्याच वयाची. बंद पडलेल्या एका गिरणीच्या आवारात ती त्यांना सापडली तेव्हा तिच्या सीटमधून गवत वर आलं होतं. बाबा बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर. लग्नाआधीची दोन वर्षं एकही सुट्टी न चुकवता त्यांनी तिचा नट न् नट उघडला, रॉकेलने धुतला आणि परत बसवला. त्यानंतर चाळीस वर्षं ती चालली. आईला दोन्ही बाळंतपणांना तिच्यातूनच दवाखान्यात नेलं. माझ्या वेळी तर थोडक्यात वाचलं. बाबांनी तिसरा गिअर टाकायला जरा उशीर केला असता तर माझा जन्म शेजारच्या सीटवर झाला असता.

"हिच्यात असा एकही भाग नाही जो पाना लावून निघत नाही," बाबा म्हणायचे. एवढीच त्यांची स्तुती. पण ते म्हणताना त्यांचा हात बॉनेटवर असायचा.

मी एका कारखान्यात टर्नर आहे. लेथवर लोखंडाचा तुकडा लावायचा आणि केसाच्या जाडीइतकासुद्धा फरक न ठेवता सोलून काढायचा, हे माझं काम. ते बाबांमुळेच अंगात आलं. ताईला असल्या गोष्टींचा कंटाळा. तिने लग्न केलं ते गाड्या विकणाऱ्याशी, उघडणाऱ्याशी नाही.

दाजी मोटारींच्या एका बड्या शोरूमचा मुख्य होता. इस्त्रीचा माणूस. शर्टाला इस्त्री, हसण्याला इस्त्री. तो मुळात वाईट होता असं मी म्हणणार नाही, म्हणावंसं मात्र फार वाटतं. त्याचा धंदा असा होता की लोकांना तीन वर्षांपूर्वीची गाडी घेऊन फिरायची लाज वाटली पाहिजे. ती लाज तो फार छान विकायचा. थोरलीला तो 'डबडं' म्हणायचा, पण बाबांच्या माघारी.

एक दिवस तो फुलांचा गुच्छ घेऊन घरी आला. कंपनीची नवी स्पोर्ट्स कार येणार होती, मोठा समारंभ होता.

"बाबा, त्या दिवशी आपली थोरली शोरूमच्या दारात मानाने उभी करायची आहे," तो म्हणाला. "शेजारी पाटी, पाटीवर तुमचं नाव. लोकांना कळू दे गाडी कशाला म्हणतात."

मलासुद्धा थोरली मागे घ्यायला न देणाऱ्या बाबांनी त्याच्या हातावर किल्ली ठेवली. त्याने एक कागद पुढे केला, त्यावर बाबांनी न वाचता सही केली. जावई होता ना. मग आठवडाभर जुन्या बनियनने तिची चंदेरी पट्टी घासत बसले.

समारंभाला आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. मधे बाबा, एका बाजूला ताई, एका बाजूला मी. शोरूमच्या आवारात मांडव होता, गाणी वाजत होती. पडदा सरकला आणि थोरली दिसली. बाबा खुर्चीत ताठ झाले. दाजीने माइक घेतला.

"ही गाडी माझ्या सासऱ्यांची. चाळीस वर्षं त्यांनी ही सांभाळली. चाळीस वर्षं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी मान खाली घालून नमस्कार केला. "आणि आज त्यांनीच मोठ्या मनाने ठरवलंय की जुन्याला आता निरोप द्यायचा."

मागे क्रेन घरघरली. तिच्या आकड्याला काँक्रीटचा एक ठोकळा टांगलेला होता, लाल रंग दिलेला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'तीन वर्षांनी नवी.' तो ठोकळा हळूहळू थोरलीच्या टपावर आला.

बाबा उठून उभे राहिले.

मागून फोटोग्राफर ओरडला, "काका, खाली बसा. फ्रेममध्ये येताय."

आणि बाबा बसले. ठोकळ्याचं मी कसंबसं सोसलं. हे मला आजही सोसवत नाही. आयुष्यभर कुणाच्या वाटेत न येण्याची सवय असलेला माणूस, त्या क्षणीसुद्धा वाटेतून बाजूला झाला.

ठोकळा पडला. तो आवाज मी सांगत नाही. टप सीटला जाऊन टेकला, काचा आमच्या पायांपर्यंत आल्या. मग धूर सोडला, आणि त्या धुरातून नवी लाल गाडी झोकात बाहेर आली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी ताईकडे पाहिलं. ती आपल्या चपलांकडे बघत होती. हिला सगळं आधीच ठाऊक होतं, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दाजी नंतर जवळ आला. "बाबा, मनाला लावून घेऊ नका हं. जाहिरात आहे. तुम्हाला नवी देतो ना वापरायला."

बाबा एवढंच म्हणाले, "तिची बॅटरी काढायची राहिली होती."

त्या दिवसानंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पान्यांची पेटी त्यांनी माळ्यावर टाकली. ते जेवायचे, फिरायला जायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. पण रस्त्याने एखादी गाडी गेली की इंजिनच्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायची त्यांची खोड होती, ती गेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आता घरात आम्ही दोघंच. मी ताईशी बोलणं टाकलं आणि दाजीचं काय करायचं ते मनात घोळवायला लागले.

तिसऱ्या दिवशी मी भंगाराच्या आवारात गेले. थोरली एका कोपऱ्यात पडली होती. मी तिच्याभोवती दोनदा फिरले आणि मग खाली वाकून पाहिलं. ठोकळा टपावर पडला होता. टप गेला, दारं गेली, मागचा भाग दुमडला, चासी मधोमध वाकली. पण लांब नाकाखाली इंजिन जसंच्या तसं होतं. मी पंख्याला हात घालून फिरवला. फिरला.

"ह्याचं काय करणार बाई तुम्ही?" भंगारवाल्याने विचारलं.

"बहीण आहे माझी," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आपल्याच माणसांकडून तिला ट्रकवर चढवून दिलं.

बाबांचे एक दोस्त होते, पत्रेकाका. आयुष्यभर मोटारींचा पत्रा ठोकून ठोकून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे 'मीठ द्या' हेसुद्धा ते भांडण काढल्यासारखं म्हणायचे. त्यांच्या शेडमध्ये थोरलीला ठेवलं. तिला बघून ते ओरडले, "कुणी केलं हे?"

"दाजीने."

"काय?"

"दाजीने!"

त्यांनी हातोडा उचलला. मला वाटलं, निघालेच आता दाजीच्या घरी. पण ते चासीपाशी बसले आणि एक टोला मारून बघितला. "जाड आहे," ते ओरडले. "सरळ होईल!"

सरळ व्हायला आठ महिने लागले. साखळ्या, जॅक आणि रोज थोडं थोडं. एका दमात ओढलं तर तडा जातो. टप आणि दारं काकांनी सपाट पत्र्यातून हाताने ठोकून काढली, जुन्या फोटोवरून मापं घेऊन. बुश, पिना, बिजागऱ्या, स्टिअरिंगचे सांधे मी कामाची पाळी संपल्यावर कारखान्याच्या लेथवर काढायची. फोरमनने एकदा विचारलं, काय चाललंय. मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या मशीनपाशी चांगल्या पोलादाचा एक तुकडा ठेवला. अशी चार वर्षं गेली. सुट्टी माहीत नाही, सिनेमा माहीत नाही. दमून हात गळले की तो लाल ठोकळा आठवायचा, आणि फोटोग्राफरचं ते 'काका, खाली बसा'. मग हात आपोआप चालायचे.

बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. पण त्यांच्यापासून काय लपणार? एकदा जेवताना त्यांनी माझी बाही नाकाशी नेली. "हे गिअर ऑइल आहे," ते म्हणाले. "लेथवर हे कुठून आलं?" मी भाजी वाढून घेतली. सकाळी टेबलावर एक कागद होता. त्यावर थरथरत्या रेघांनी कार्ब्युरेटरचा आतला सगळा नकाशा, आणि कुठला स्क्रू किती आटे फिरवायचा ते. त्यानंतर असे कागद येत राहिले. शेडमध्ये मात्र ते कधी आले नाहीत. "तिला तशी बघणार नाही मी," म्हणाले.

तिसऱ्या वर्षी एक बिजागरी शोधायला मी परत त्या भंगाराच्या आवारात गेले आणि जागच्या जागी थबकले. समोर एका ओळीत सहा लाल गाड्या. त्या दिवशी धुरातून जी बाहेर आली होती, तीच गाडी, सहा वेळा. टायरसुद्धा झिजले नव्हते.

"ह्यांना काय झालं?" मी विचारलं.

"पडदा गेला," भंगारवाला म्हणाला. "स्टिअरिंगशेजारी तो मोठा टीव्हीसारखा पडदा असतो ना, तो गेला की गाडी सुरूच होत नाही. आणि कंपनी तो पडदा आता बनवत नाही. नवीन मॉडेलला वेगळा लागतो."

त्यातली एक मी त्याच्याकडून मागून घेतली आणि शेडमध्ये थोरलीशेजारी ठेवून उघडायला घेतली. उघडायला घेतली म्हणते, पण उघडणार कशी? बॉनेटला बाहेरून कडीच नाही, कंपनीच्या यंत्राशिवाय ते उघडत नाही. बोल्टच्या जागी डिंक, आणि डबे असे बंद केलेले की फोडलेच पाहिजेत. पत्रेकाका तिच्याभोवती फिरून म्हणाले, "ही गाडी नाही, हा डबाबंद खाऊ आहे!" मी चिकाटीने एकेक फोडत गेले आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपापाशी पोचले. पंपाची आतली पाती प्लास्टिकची होती. गावात फिरायला पुरेशी. पण फार तापलं की पाती मऊ पडून वळायची, पाणी फिरायचं थांबायचं, आणि गाडीचा मेंदू पडदा लाल करून सगळंच बंद करून टाकायचा; लोकांना वाटायचं, पडदाच गेला. बाकीच्या पाच गाड्यांचे पंप काढून बघितले. पाचही ठिकाणी पाती तशीच वळलेली. मग कंपनीच्या नव्या मॉडेलची यादी मिळवली. पंपाचा नंबर तोच होता.

मी ते वळलेलं पातं धुऊन पुसून खिशात ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझा सूड नीट दिसला.

आमच्याकडच्या मोटर क्लबची दरवर्षी एक चढण-चाचणी असते. खिंडीच्या रस्त्याने सोळा वळणं चढायची, पलीकडच्या उताराने खाली यायचं, अशा तीन फेऱ्या, मधे न थांबता. कुठल्याही वयाची गाडी चालते. त्या वर्षी दाजीच्या शोरूमने आपली सगळ्यात नवी गाडी उतरवायची ठरवली होती आणि चालवणार स्वतः दाजी. वर शिखरावर मांडव, दोनशे ग्राहक, कंपनीचे मोठे साहेब. दाजीला सुगावा लागू नये म्हणून मी पत्रेकाकांच्या नावाने अर्ज भरला. क्लबची नियमांची एक जुनी पुस्तिका आहे, ती कुणी वाचत नाही. मी वाचली. त्यात लिहिलं होतं, गाडी बिघडली तर चालकाने स्वतः, गाडीतल्याच सामानाने दुरुस्त करावी. दुसऱ्याने हात लावला तर बाद.

चाचणीच्या सकाळी मी थोरलीला सुरुवातीच्या रेघेवर आणून उभी केली. पत्रेकाकांनी तिला पूर्वीचाच गडद निळा रंग दिला होता. दाजी कुणाशी तरी हसत बोलत होता. त्याची नजर पडली आणि चेहऱ्यावरची इस्त्री गेली.

"हे... हे कुठून आलं?"

"तुम्ही निरोप दिलात," मी म्हटलं, "ती गेलीच नाही."

आजूबाजूला त्याचे ग्राहक होते. त्याने स्वतःला सावरलं. "वा, मेहुणीबाई! कमाल केलीस हं. पण वरपर्यंत पोचेल ना ही?"

हीच वाट मी बघत होते. मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "पोचेल की. तुमची मात्र एवढी वेगवान आहे म्हणतात, तर आमच्या म्हातारीला एक अख्खी फेरी मागे टाकून दाखवा. की सावकाश चालवायला सांगितलंय कंपनीने?"

लोक हसले. मोठे साहेबपण हसले. दाजीचे कान लाल झाले आणि मला कळलं की आता हा पाय वर घेणार नाही.

मी त्याच्या गाडीला बोटसुद्धा लावलं नाही. हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. मी फक्त त्याला पळायला लावलं.

खोटं कशाला बोलू, नवी गाडी वेगवान होती. तिसऱ्या वळणानंतर ती मला दिसलीसुद्धा नाही. थोरली आपल्या चालीने चढत होती, स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडा न् खडा हाताला सांगत होती. बाबांनी लिहून दिलं होतं, वळणाआधी गिअर खाली, वळणात पाय हलका, बाहेर पडताना दाब. पहिली फेरी मी अशी काढली आणि मला चक्क मजा आली. सूड घ्यायला आलेय हे दोन-तीन वळणं विसरलेच होते.

दुसऱ्या फेरीत, दुसऱ्या वळणानंतर, पायाखालचा दाब एकदम सैल पडला. ॲक्सिलरेटरची केबल तुटली होती. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि पेटी काढली. जादा तार होती, सायकलच्या ब्रेकची. टोकाला पकडीने फास केला, जुना चाप सोडवला, तार ओवायला लागले. तेवढ्यात खालून घूं असा आवाज आला. दाजी. खरंच अख्खी फेरी पुढे आला होता. माझ्याशेजारी येऊन त्याने गाडी हळू केली, काच खाली केली.

"कंपनीला फोन लावू का?" म्हणाला, आणि हसत गेला.

मी वर बघितलं नाही. पण त्याच्या गाडीतून येणारा वास मी ओळखला. तापलेल्या प्लास्टिकचा. त्या वासात मी एक अख्खं वर्ष काढलं होतं. सहा मिनिटांत तार ओवून, ताणून, चाप आवळून मी निघाले.

पाचव्या वळणावर तो उभा होता. ऐन वळणात, रस्ता आडवा अडवून. आत पडदा लाल झाला होता आणि एक गोड बाई पुन्हा पुन्हा सांगत होती, "कृपया वाहन सुरक्षित ठिकाणी थांबवा." दाजी बाहेर येऊन बॉनेटच्या फटीत नखं घालत होता. नखांनी ते उघडत नाही, हे मला ठाऊक होतं. मागे दोन गाड्या येऊन खोळंबल्या. तेवढ्यात क्लबच्या सेक्रेटरीबाई मोटरसायकलवरून आल्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या त्या, शिट्टी अजून गळ्यात असते.

"दुरुस्त करता येतंय का?" त्यांनी विचारलं.

"कंपनीचा माणूस येईल, फोन केलाय," दाजी म्हणाला.

"मग तुम्ही बाद. रस्ता मोकळा करा. एवढ्या वळणात मागे उतरवता येणार नाही, वर न्यावी लागेल. कुणाकडे दोर आहे?"

दाजी पुटपुटला, "वर नको. वर सगळे आहेत."

"माझ्याकडे आहे दोर," मी म्हटलं.

चार वर्षं मी एक भाषण तयार केलं होतं. बाबांचा हात, थोरलीच्या काचा, सगळं त्यात होतं. लेथपाशी मनातल्या मनात शंभर वेळा म्हटलं असेल. आणि त्या वळणावर मला त्यातला एक शब्द आठवेना. मी फक्त कामाचं बोलले.

"पुढच्या बंपरला डावीकडे एक झाकण आहे. ते काढा, आत आकडा बसतो."

त्याला ते सापडेना. मी काढून दिलं.

"आता चाकं सोडायला हवीत. सीटखाली पिवळा पट्टा आहे, तो ओढा."

"पट्टा?" त्याने शेकडो विकल्या होत्या ह्या गाड्या. तो ओणवा होऊन सीटखाली हात घालत राहिला, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला. मिळाला पट्टा. खट् आवाज आला. तो ताठ होऊन माझ्याकडे बघायला लागला. "तुला हे सगळं कसं माहीत?"

मी खिशातून ते वळलेलं पातं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. "ह्यामुळे थांबलीय तुमची. मागच्या मॉडेलचं आहे, पण नंबर तोच आहे. ब्रेकवर पाय ठेवू नका."

अकरा वळणं. थोरली दुसऱ्या गिअरमध्ये, घशातून आवाज काढत, दोर ताणलेला, मागे झगझगीत लाल गाडी आणि तिच्यात दाजी, जड झालेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत. नवव्या वळणावर लोक उभे होते. आधी टाळ्या वाजल्या, मग त्यांनी वाचलं की मागच्या गाडीवर कुठल्या शोरूमचं नाव आहे, आणि जे हसू फुटलं ते वळणावळणाने आमच्यापुढे पळत वर गेलं. शिखरावर पोचलो तेव्हा मांडवातले दोनशेच्या दोनशे लोक रस्त्यावर आले होते. मी मुद्दाम मांडवाच्या अगदी समोर थांबले. दोर सोडला, गुंडाळला, सावकाश. मोठे साहेब दाजीच्या खिडकीपाशी गेले तेव्हा दाजी आत बसून होता. बाहेर यायला वाट नव्हती असं नाही. यायचं नव्हतं त्याला.

माझी तिसरी फेरी बाकी होती. ती मी पूर्ण केली. चौदा गाड्यांत माझा नंबर नववा आला.

दुपारी थोरलीला घेऊन घरी आले. बाबा दारात उभे होते. मला वाटलं होतं, तिला बघून रडतील. त्यांनी तिच्या नाकावरून हात फिरवला आणि म्हणाले, "टॅपेट सैल झालेत." चार वर्षांनी त्यांनी एका गाडीचं दुखणं सांगितलं होतं. मग मी सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी एकदाच मधे तोंड घातलं.

"कोणत्या गिअरमध्ये ओढलंस?"

"दुसऱ्या."

"पहिल्यात ओढायचं. क्लच जाळशील." मग बॉनेट उचलत विचारलं, "किती वळणं?"

"अकरा."

"रस्ता जरा लांब हवा होता," बाबा म्हणाले. आणि हसले. त्यांना इतकं दुष्ट हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

ते ओढण्याचं चित्रण गावभर झालं. ज्यांचे पडदे गेले होते ते लोक वळलेलं पातं बघायला मिळेल का म्हणून पत्रेकाकांच्या शेडवर यायला लागले. काकांनी तिथे उघडून ठेवलेली गाडी त्यांना ओरडून ओरडून समजावली. ते सगळे मिळून शोरूमवर गेले. महिन्याभरात दाजीला तिथून काढलं. ह्यातलं शेवटचं मला ताईकडून कळलं.

दुपारच्या सुट्टीत ती कारखान्याच्या फाटकाशी आली. चार वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. ती वाळली होती.

"त्याला काढलं," ती म्हणाली. "घरी बसलाय. हेच हवं होतं ना तुला?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू त्याला सांगितलं असतंस. ठोकळ्याचं माहीत असून तू बाबांच्या शेजारी बसलीस, ताई."

"मला माहीत होतं? मीच ते बनियन धुऊन दिलं होतं बाबांना, घासायला. मलाही पाटीचंच सांगितलं होतं त्याने. ठोकळा वर आला तेव्हा कळलं मला, तुझ्याबरोबर. माझी मान वर होईना." तिने तोंडावरून हात फिरवला. "घरी येऊन भांडले. तो म्हणाला, एका डबड्यासाठी एवढं? मग चार वर्षं मी त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. तू तर माझ्याशी तेवढंही बोलली नाहीस."

दाजीवर चार वर्षं जो राग धरला, त्यातला निम्मा मी तिच्यावर काढत होते, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"मला सांगितलं असतंस," ती हळूच म्हणाली, "तर मी त्याला सांगितलं नसतं. मी नवव्या वळणावर येऊन उभी राहिले असते."

फाटकाबाहेर कडेला थोरली उभी होती. आता मी रोज तिच्यातूनच कामावर जाते. ताई तिच्यापाशी गेली, काचेतून आत डोकावली.

"किती वेळ आहे तुझ्याकडे?"

"वीस मिनिटं."

ती शेजारच्या सीटवर बसली आणि दार अलगद ओढलं. ते लागलं नाही. पत्रेकाकांनी हाताने ठोकलेलं दार आहे, जरा अढी धरतं.

"जोरात," मी म्हटलं. "तिला काही होत नाही."

ताईने ते दार असं काही आपटलं की फाटकावरचा पहारेकरी खुर्चीतून उठून बघायला आला.